आठवड्याचं पान आणि रोजची वही

सख्यांनो, पंचसूत्री आपल्याला तोंडपाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि पूर्ण लिहिलेले हिशेब. गटाचा पैसा या शिस्तीवर चालतो. स्वतःच्या कामांना मात्र आपण अशी शिस्त लावत नाही. या पाठात तेवढंच शिकायचंय.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा डोळ्यांसमोर आणा. आगोटीची घाई. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्या बंद, म्हणजे बोंबील, जवळा सुकवायचा तो आत्ताच. मिरच्या वाळवून मसाला करायचाय. गटाचा बँकेचा हप्ता आहे. मुलीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला हवाय. आणि तुमची दाढ दोन महिने ठणकतेय. यातलं मागे काय पडणार, ते सांगायला नको. दाढच!

सुकट, मसाला ही कामं अंगणात दिसतात, ढग आले की आपणच धावतो. दाखला, हप्ता, दाढ ही कामं गप्प बसून राहतात. म्हणून दोन गोष्टी लागतात.

पहिली, रोजची वही. शंभर पानी साधी वही पुरे. काम आठवलं की लिहायचं, लहानमोठं बघायचं नाही. डोक्यात ठेवलेलं काम नेमकं रात्री अंथरुणावर आठवतं. लिहिताना मात्र ‘मुलीचा प्रवेश’ असं मोघम लिहू नका. ‘तलाठ्याकडे जाऊन दाखल्याला काय कागद लागतात ते विचारणं’ असं लिहा. हातापायांनी करता येईल ते काम. लिहिणं जमत नसेल तर भिंतीवरच्या कालनिर्णयवर खुणा करा, हप्त्याला गोल, दवाखान्याला फुली. दुधाचे खाडे आपण तिथेच तर मांडतो.

दुसरी, आठवड्याचं पान. नुसती वही वाढत जाते आणि बघूनच दडपण येतं. म्हणून गटाच्या बैठकीनंतर दहा मिनिटं बसा, वही वाचा आणि तीनच कामं नव्या पानावर उतरवा. प्रत्येकापुढे वार घाला. बाकीची वहीतच राहू द्या, पुढच्या आठवड्यात त्यांचीही पाळी येईल.

तीन कशी निवडायची? ज्यात दुसऱ्याची वाट बघावी लागते ते आधी. दाखल्याचा अर्ज आज दिला तरी तो हातात यायला दिवस जातात, मसाला मात्र आपल्याच हातात आहे. चुकलं तर नुकसान होईल ते दुसरं. व्याजाची सवलत वेळेवर फेडणाऱ्या गटालाच मिळते, त्यामुळे हप्त्याचा वार हलवायचा नाही. आणि तिसरं काम फक्त तुमचं, घरातल्या दुसऱ्या कुणाचं नाही. इथे दाढ. यावर बायका हसतात, पण हा नियम सोडू नका.

वार ठरवताना आपल्या किनाऱ्यावर समुद्रालाही विचारावं लागतं. जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे: तिथीचा आकडा गुणिले तीन, भागिले चार, येईल तो साधारण भरतीचा तास. अष्टमीला सहाला भरती, म्हणजे बाराच्या सुमारास ओहोटी. पण ती भांगाची, पाणी फार ओसरत नाही, कालवांना जाऊन हाती थोडंच लागतं. म्हणून अष्टमीच्या आसपासचे दिवस बँक, तहसील, दवाखाना यांना द्या. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, सकाळी सहाच्या सुमारास पाणी लांब जातं. कालवं, तिसऱ्या काढणारीनं तेव्हा अलिबाग-मुरूडची सकाळची एसटी गाठायचा बेत करू नये. तिथी कालनिर्णयात आहेच, पान भरताना एकदा नजर टाका.

रोज सकाळी चूल पेटवण्याआधी पान उघडा, आजच्या वाराचं काम बघा, झालं की रेघ मारा. मधेच पाहुणे आले, लाईट गेली, दिवस फुकट गेला, तरी काम पानावर आहे, हरवत नाही.

पहिल्या आठवड्यात तीनपैकी एकच होईल कदाचित. राहिलेलं पुढच्या पानावर पुन्हा उतरवा. तेच काम तिसऱ्यांदा उतरवावं लागलं तर बैठकीत सांगा. दवाखान्यात सोबत हवी असेल, मुलांना तासभर कुणाकडे ठेवायचं असेल, तर गटातली एखादी ताई निघेलच.

पुढच्या बैठकीला वही घेऊन या. बचत, वसुली झाली की पानं भरू, सचिवताईंनी आधी स्वतःचं भरून दाखवावं.