गल्ल्यावरचा साउंडबॉक्स काय शिकवतो?

व्हिडिओत साउंडबॉक्सचा मुद्दा घाईत उरकला, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

दुकानात गर्दी आहे. एका हातात पुडी, दुसऱ्या हातात सुट्टे. कोणी क्यूआर स्कॅन करतं आणि डबा बोलतो, ‘एकशे वीस रुपये मिळाले.’ तुम्ही मान वर न करता पुढचं वजन करता. २०१६ मध्ये यूपीआय आलं तेव्हा ही सोय नव्हती. हात पुसा, फोन काढा, मेसेज शोधा. नाहीतर गिऱ्हाइकाच्या फोनवर दिसतं ते खरं माना, आणि खोटा स्क्रीनशॉट दाखवणारेही असतातच. या डब्याने आपल्याला आणखी एक स्क्रीन दिली नाही, होती तीच बघायची गरज संपवली. हुशारी आहे ती इथे.

याला ‘शांत तंत्रज्ञान’ म्हणतात. अमेरिकेतल्या झेरॉक्स पार्क प्रयोगशाळेत मार्क वायझर आणि जॉन सीली ब्राउन यांनी १९९५ मध्ये हा विचार मांडला. त्यांचं उदाहरण मजेदार आहे. नॅटली जेरेमिजेंको या कलाकार बाईंनी छताला सुमारे आठ फुटांची दोरी टांगली आणि तिची मोटर ऑफिसच्या नेटवर्कला जोडली. नेटवर्कवर काम वाढलं की दोरी जोरात फिरायची. मान न वळवताही कळायचं. आपल्या घरात कुकरची शिट्टी हेच करते ना? आपण अंगणात असलो तरी तीन मोजतो.

आता तुमच्या धंद्याकडे या. व्हॉट्सॲप बिझनेसवर रोज सकाळी फुलांचा फोटो पाठवणारे दुकानदार आपल्या सौंदडातही सापडतील. रोवणीच्या दिवसांत माणूस चिखलात उभा असतो, तेव्हा खिशातला फोन वाजला आणि निघालं काय, तर तुमचं ‘शुभ सकाळ’! दोनदा बघेल, तिसऱ्यांदा नंबर ब्लॉक. मग खरंच नवा माल येईल तेव्हा कळवणार कसं? ब्रॉडकास्ट तसाही ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. म्हणजे तेच तुमचे हक्काचे लोक, आणि त्यांनाच आपण पिडतो. दुकानाची वेळ प्रोफाइलमध्ये टाका, रात्रीसाठी आपोआप जाणारं उत्तर लावून ठेवा आणि मेसेज कामाचा असेल तेव्हाच पाठवा.

कीपॅड फोनवाल्या आजींना ‘ॲप घ्या’ म्हणू नका. २०२२ पासून यूपीआय १२३पे आहे, साध्या फोनवर इंटरनेटशिवाय चालतं. नकोच असेल तर रोख घ्या हो, नोट अजून चालते.

साउंडबॉक्सही सगळीकडे बरा नाही. औषधाच्या दुकानात कोणी किती रुपयांचं औषध नेलं हे रांगेतल्या सगळ्यांना कशाला कळायला हवं? आवाज कमी करा. भाडं किती आणि कधी कापतात, तेही घेण्याआधीच विचारून घ्या.

आणि नेटवर्क गेलं की डबा गप्प बसतो, हे कामावरच्या पोराला आधीच सांगून ठेवा. डबा बोलला नाही म्हणजे गिऱ्हाईक खोटं, असं होत नाही. ‘पैसे आलेच नाहीत’ हे चारचौघांत मोठ्याने म्हटलं, तर तो माणूस गावातच राहतो, पण दुकानात परत येत नाही. आधी आपल्या ॲपमधली नोंद बघा, तोवर त्याला स्टूल द्या.

या आठवड्याचा अभ्यास: एक दिवस वहीत रेघा मारा. गिऱ्हाईक समोर असताना फोन किती वेळा हातात घेतला? त्यातल्या किती वेळा ते काम डब्याने किंवा आपोआप जाणाऱ्या उत्तराने भागलं असतं? वही सोबत ठेवा, पुढच्या व्हिडिओत तिथूनच सुरुवात करू.