चित्रासमोर थांबण्याविषयी

केडगाव, ता. दौंड

चिरंजीव भाच्यास,

पुण्यात शिकणाऱ्या मुलाने सुट्टीच्या दिवशी लहान कलादालनांत जावे आणि तिथून गोंधळून परतावे, यात कमीपणा मानण्यासारखे काही नाही. मात्र ‘चित्रातले कळत नाही’ असे ठरवून दालनांत जाणेच बंद करणे योग्य नव्हे, कारण समकालीन कलेत हा गोंधळ म्हणजे पुष्कळदा पाहण्याची सुरुवात असते.

केडगाव परिसरातील गुऱ्हाळांवर गुळव्या उकळत्या काहिलीतील बुडबुडे, रंग आणि वास यांवरून पाक कुठवर आला हे ओळखतो, आणि शंका आल्यास थोडा पाक थंड पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांनी तपासतो. ही जाण काहिलीसमोर वर्षानुवर्षे उभे राहून येते. चित्र पाहणाऱ्याची नजरही अशीच घडते.

यासाठी चित्रकार प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांचे उदाहरण ध्यानात ठेवावे. त्यांच्या चित्रांत घड्याळ, किल्ली, पान, शिंपला अशा ओळखीच्या वस्तू मोकळ्या अवकाशात, एकमेकींपासून सुट्या दिसतात. प्रत्येक वस्तू कळते, पण त्या एकत्र का आल्या हे कळत नाही, आणि त्यांच्यामधील रिकामी जागा न्याहाळू लागल्यावरच चित्र हळूहळू उलगडू लागते. या चित्रकाराने ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) या मराठी पुस्तकात स्वतःचा चित्रविचार मांडला असून, दालनांत जाणाऱ्या मराठी वाचकाने ते अवश्य वाचावे.

दालनात शिरल्यावर पहिली फेरी काहीही न वाचता मारावी. मग एकाच कलाकृतीसमोर दहा मिनिटे थांबून, ती कशाची बनली आहे, किती मोठी आहे, नजर प्रथम कुठे जाते आणि कुठे अडते, हे वहीत टिपावे. त्यानंतर शेजारची पट्टी वाचावी. तिच्यावर बहुधा शीर्षक, वर्ष, माध्यम म्हणजे वापरलेली सामग्री, आणि आकार दिलेला असतो. भिंतीवरील निवेदन, म्हणजे कलावंताने किंवा प्रदर्शनाची निवड व मांडणी करणाऱ्या क्युरेटरने लिहिलेला मजकूर, सर्वांत शेवटी वाचावा, आणि समोरच्या कलाकृतीत त्यातील कोणती गोष्ट खरोखर दिसते हे पडताळावे. मजकूर जड असला म्हणून कलाकृती खोल ठरत नाही. पुरेसा वेळ देऊनही ती पोकळ वाटली, तर तसे स्पष्ट लिहिण्याचा अधिकार प्रेक्षकाला आहे.

मांडणशिल्प, म्हणजे वस्तूंच्या रचनेतून संपूर्ण जागेलाच कलाकृती बनवणारा प्रकार, पाहताना ‘यात कौशल्य कुठे आहे?’ हा प्रश्न पडणारच. कलावंत मार्सेल द्युशाँ याने १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनासाठी बाजारात मिळणारे मुतारीचे भांडे पाठवले, आणि आयोजकांनी ते मांडले नाही, तेव्हापासून वस्तूची निवड हीच कलाकृती ठरू शकते का, हा वाद चालू आहे. त्यात प्रेक्षकाचे मतही मोलाचे आहे.

लहान कलादालनांचा इतिहास जाणून घेतल्यास संकोच कमी होतो. मुंबईची केमोल्ड ही गॅलरी केकू आणि खोर्शेद गांधी यांनी १९६३ मध्ये जहांगीर कलादालनाच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर सुरू केली, आणि पुढे नावारूपाला आलेल्या अनेक चित्रकारांची कामे तिथल्या मर्यादित जागेत लोकांनी पाहिली. अशा ठिकाणी सहसा तिकीट नसते, खरेदीची सक्ती नसते, आणि पुष्कळदा चित्रकार स्वतःच भेटतो. त्याला ‘याचा अर्थ काय?’ असे विचारण्यापेक्षा ‘हा रंग इथेच का थांबवला?’ असे विचारल्यास उत्तर अधिक उपयोगी मिळते.

पुढच्या सुट्टीत गावी येताना चिरंजीवाने वहीत एकाच चित्राचे वर्णन लिहून आणावे. अर्थ सापडला नसला तरी चालेल. मात्र ज्याने ते चित्र पाहिलेले नाही, घरातील त्या माणसाच्या डोळ्यांसमोर ते उभे राहील, इतके तरी ते नेमके असावे.

शुभाशीर्वाद,
मामा