कोपरापर्यंत वर गेलेला हात

छकुले,

काल फोन ठेवल्यावर मला बराच वेळ झोप लागली नाही. तू विचारलंस, "सगळ्या जणी हो म्हणाल्या म्हणून मीही मान डोलावली. मी इतकी लेचीपेची कशी गं, ताई?" मेसमध्ये त्या मुलीला आपल्या टेबलावर घ्यायचं नाही असं ठरलं आणि तू गप्प बसलीस. चुकलंच तुझं. पण लेचीपेची नाहीस तू.

सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या सुमारास अमेरिकेत कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग केला होता. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. पहिलीएवढी कोणती, एवढंच सांगायचं. एकेकट्याला विचारलं तर शंभरात एखादं उत्तरही चुकत नसे. पण टेबलाभोवतीची बाकीची मुलं ॲशने आधीच पढवलेली होती. ती एकामागून एक, अगदी शांतपणे, चुकीची रेघ दाखवायची. ज्याला यातलं काहीच ठाऊक नाही, त्याची पाळी शेवटी शेवटी यायची. डोळ्यांना एक दिसतंय, कानांवर दुसरंच पडतंय. शंभरातल्या पंचाहत्तर मुलांनी निदान एकदा तरी त्या चुकीच्या उत्तराची री ओढली. नंतर विचारलं तर कुणी म्हणालं, माझीच नजर चुकत असेल. कुणी म्हणालं, दिसत होतं नीट, पण वेगळं पडायला नको वाटलं. उत्तर कागदावर लिहायची मुभा दिली, तेव्हा मात्र चुका बऱ्याच घटल्या. म्हणजे दिसत बहुतेकांना होतं, तोंडाने म्हणवत नव्हतं.

परक्या मुलांसमोर एका रेघेपायी ही गत. तुला तर त्याच मुलींबरोबर राहायचंय, जेवायचंय, आजारी पडलीस तर त्यांनाच हाक मारायचीय.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव आला, कामवाल्या बायकांनी लिफ्ट वापरायची नाही. माझ्याकडे येणाऱ्या मावशींचे गुडघे मला ठाऊक आहेत. लिफ्ट बंद असली की दर मजल्यावर कठडा धरून थांबतात त्या. तरी माझा हात वर गेला. कोपरापर्यंतच, पण गेला. इतक्यात दुसऱ्या मजल्यावरच्या आजी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "मला नाही हे पटत." आवाज चढवला नाही, कारणंही दिली नाहीत. माझा हात खाली आला, शेजारणीचाही आला. ठराव तिथेच बारगळला. दुसऱ्या दिवशी मावशी आल्या, तेव्हा दार उघडताना मला त्यांच्याकडे बघवेना.

ॲशलाही हेच आढळलं होतं. त्या टेबलावर खरं उत्तर देणारा एक जरी सोबती मिळाला, तरी चुका जवळजवळ पाव हिश्शावर यायच्या. आजींनी त्या दिवशी मला तेवढीच सोबत दिली.

तेव्हा मैत्रिणींशी भांडायला जाऊ नकोस. उद्या नाश्त्याचं ताट घे आणि त्या मुलीच्या शेजारी जाऊन बस. तुझी ती रूममेट काल नुसती खाली बघत होती म्हणालीस ना? तिच्याकडे लक्ष ठेव. मला वाटतं, ती कुणीतरी उठायची वाट बघतेय. रात्री फोन कर, कितीही उशीर होऊ दे. मी जागी असेन.

तुझी ताई