ऊर्जेची शिदोरी

प्रस्तावना

दूरच्या प्रवासाला निघताना आपण शिदोरी सोबत घेतो. लॅपटॉपमधील बॅटरी ही अशीच ऊर्जेची शिदोरी होय. मात्र ती दिवसेंदिवस उणी होत जाते. ती का उणी होते आणि तिची निगा कशी राखावी, हे या पाठात समजून घेऊ या.

मूळ पाठ

वेलचेरी ही चेन्नईच्या दक्षिण भागातील सखल वस्ती. डिसेंबर २०१५ च्या अतिवृष्टीत तेथे पाणी शिरले व वीज गेली. डिसेंबर २०२३ मध्ये ‘मिचाँग’ चक्रीवादळाच्या वेळी पुन्हा तोच अनुभव आला. समजा, अशा दिवशी तेथील एक मराठी विद्यार्थिनी परीक्षेची टिपणे वाचत आहे. पडद्यावर ‘४० टक्के’ दिसत असतानाच लॅपटॉप बंद पडतो. असे का झाले असेल?

लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. ती १९९१ मध्ये बाजारात आली. तिच्या विकासासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. चार्ज होताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात आणि वापराच्या वेळी परततात. या ये-जा करण्यात काही लिथियम कायमचे अडकून पडते, आतील रोधही वाढतो. म्हणून जुनी बॅटरी लवकर संपते आणि तिने दाखविलेला आकडा विश्वासार्ह राहत नाही.

बॅटरीची प्रकृती मोजता येते. मूळ क्षमता ५० वॉट-तास असून आता ती पूर्ण चार्ज केल्यावर ३० वॉट-तासच भरत असेल, तर तिची ६० टक्के क्षमता उरली आहे, असे समजावे. संगणकाच्या बॅटरी-अहवालात हे दोन्ही आकडे मिळतात.

उष्णता हा बॅटरीचा मोठा शत्रू. म्हणून लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवू नये. हवा जाण्याची वाट मोकळी असावी. बॅटरी सतत १०० टक्के भरलेली ठेवणे हेही तिला मानवत नाही. रोजच्या वापरात ती २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावी. अनेक लॅपटॉपमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबविण्याची सोय असते. बॅटरी पूर्ण संपवून मगच चार्ज करावी, हा समज जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातील आहे. येथे तो लागू पडत नाही.

तथापि, नियम माणसाच्या सोयीसाठी असतात. वादळाची सूचना मिळाली की ८० टक्क्यांची मर्यादा बाजूला सारून बॅटरी पूर्ण भरून घ्यावी. एखाद्या दिवसाने तिचे फारसे बिघडत नाही. संकटकाळी मात्र तीच उपयोगी पडते.

बॅटरी फुगली, कळफलक वर उचलला गेला किंवा विचित्र वास आला, तर लॅपटॉप त्वरित बंद करून चार्जर काढावा. फुगलेली बॅटरी दाबू वा टोचू नये. ती पेट घेऊ शकते. ती जाणकार दुरुस्तीकाराकडून काढून घ्यावी आणि कचऱ्याच्या डब्यात न टाकता संकलन केंद्रात द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्यांच्या संकलनाची व पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

शिदोरी सांभाळणारा प्रवासी वाटेत उपाशी राहत नाही. साधनांची निगा राखणे हाही शिक्षणाचाच एक भाग आहे.

पाठगत प्रश्न

१. बॅटरीची क्षमता कालांतराने का घटते?
२. मूळ क्षमता ४० वॉट-तास व सध्याची ३० वॉट-तास असल्यास किती टक्के क्षमता उरली?
३. ‘नियम माणसाच्या सोयीसाठी असतात’, हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

उपक्रम

घरातील एखाद्या लॅपटॉपच्या किंवा मोबाईलच्या चार्जिंगची आठवडाभर नोंद ठेवा आणि बदलावयाच्या सवयींविषयी पाच वाक्ये लिहा.