आयोनाचे चर्च आणि 'मॅन्स'

माझे बालपण सरकारी क्वार्टरमध्ये गेले. वडील निवृत्त झाले आणि अंगणातला पारिजातक मागे ठेवून आम्हाला निघावे लागले. पुढे इतिहासाच्या अभ्यासात 'मॅन्स' हा शब्द भेटला, तेव्हा ते घर आठवले.

मॅन्स म्हणजे प्रेसबिटेरियन धर्मगुरूचे निवासस्थान. या पंथात बिशप नसतात. धर्मगुरू आणि मंडळीतील वडील मिळून कारभार पाहतात. स्कॉटलंडच्या पश्चिमेस आयोना नावाचे छोटे बेट आहे. संत कोलंबा इ. स. ५६३ मध्ये तेथे आला. त्याच्या स्मृतीशी निगडित मध्ययुगीन मठाजवळच १८२८ साली एक साधे चर्च व मॅन्स बांधण्यात आले.

त्या भागातील धर्मविभाग अफाट होते. उपासनेसाठी लोकांना डोंगर आणि खाड्या ओलांडाव्या लागत. म्हणून १८२३ च्या कायद्याने पार्लमेंटने ५०,००० पौंड मंजूर केले. पूल आणि कालवे बांधणारे थॉमस टेलफर्ड यांच्याकडे हे काम आले. ते स्वतः मेंढपाळाचे पुत्र. चर्च व मॅन्स मिळून खर्चाची मर्यादा १,५०० पौंड होती. एकाच नमुन्यावर ३२ चर्चे उभी राहिली. नमुन्यात व्यासपीठ लांब भिंतीच्या मध्यभागी होते. प्रवचन सर्वांना ऐकू यावे, हाच त्यातला हेतू. धर्मगुरूला सरकारी तिजोरीतून वर्षाला १२० पौंड मिळत.

पण ज्याचे घर, त्याचे ऐकावे लागते. मंडळीला नको असलेला धर्मगुरू जमीनदाराने तिच्यावर लादावा काय, या प्रश्नावरून १८ मे १८४३ रोजी एडिंबरोत चर्च ऑफ स्कॉटलंड दुभंगले. साडेचारशेहून अधिक धर्मगुरूंनी वेतनावर व मॅन्सवर पाणी सोडून 'फ्री चर्च' स्थापन केले. आयोनाचे डोनाल्ड मॅकव्हीन त्यांपैकीच एक. मुंबईच्या डॉ. जॉन विल्सन यांच्यासह हिंदुस्थानातील त्या चर्चचे सर्व मिशनरीही फ्री चर्चला मिळाले.

या दोन्ही प्रवाहांतील बहुसंख्य लोक १९२९ मध्ये पुन्हा एकत्र आले. आयोनाच्या जुन्या मॅन्समध्ये पुढे बेटाच्या इतिहासाचे दालन झाले.

आम्ही घर सोडले ते नियमाने. मॅकव्हीन यांनी सोडले ते तत्त्वासाठी. तत्त्वासाठी घर सोडणाऱ्याचे नाव इतिहास लिहून ठेवतो. त्याच्यामागून बोचकी उचलून निघालेल्या बायकामुलांना मात्र कोणी विचारले होते काय? अभ्यास संपला, तरी हा प्रश्न माझ्यापाशी उरला आहे.