पंचनामा लिहायला शिकताना

नववीच्या मुलांना पोलिसांच्या कामाची ओळख करून द्यायची म्हटलं की पहिल्याच तासाला प्रश्न येतो, "सर, हातकडी आणणार का?" मी आणत नाही. कोऱ्या कागदांचा गठ्ठा, मोजपट्टी, खडू आणि दहा-बारा लिफाफे आणतो. मुलांचे चेहरे जरा उतरतात. कोअर ऑफ मिलिटरी पोलीसमध्ये मी चोवीस वर्षं काढली. लाल टोपी आणि पांढरा पट्टा लांबून रुबाबदार दिसतो खरा, पण त्या नोकरीतला निम्मा वेळ लिहिण्यात गेला. म्हणून शनिवारच्या तासाची सुरुवातही मी लिहिण्यापासूनच करतो.

शाळेतल्या मुलांना हा विषय शिकवण्याची कल्पना काही माझी नाही. केरळमध्ये २ ऑगस्ट २०१० रोजी १२७ शाळांमधून 'स्टुडंट पोलीस कॅडेट' हा उपक्रम सुरू झाला. २१ जुलै २०१८ रोजी तेव्हाचे गृहमंत्री राजनाथ सिंह यांनी गुरुग्राम इथे तो देशपातळीवर सुरू केला, म्हणजे आपल्याच हरियाणात. (चंडीमंदिर चंडीगडच्या नावाने ओळखलं जात असलं तरी ते हरियाणाच्या पंचकुला जिल्ह्यात येतं. सुट्टीत गावी गेलेल्या आमच्या मुलांना हे दरवेळी नव्याने समजावून सांगावं लागतं.) हा कार्यक्रम आठवी-नववीसाठी आहे. ठरलेलं पाठ्यपुस्तक नाही, परीक्षा नाही आणि तास महिन्यातून एक. गुन्हे कसे रोखायचे हा एक भाग आणि संयम, सहानुभूती, शिस्त हा दुसरा. महिन्याला एक तास मला कमी वाटतो, पण परीक्षा नाही हे फार बरं आहे. महाराष्ट्रात शिकलेल्या पालकांना आर.एस.पी. आठवत असेल. शाळा सुटायच्या वेळी शिट्टी घेऊन रस्त्यावर उभी राहणारी मुलं त्यातलीच. चंडीगडच्या सेक्टर २३ मधलं मुलांचं ट्रॅफिक पार्कही त्याच जातकुळीतलं.

मी मात्र सुरुवातीचे चार तास फक्त पंचनाम्याला देतो. हा शब्द आपल्याकडे घराघरात माहीत आहे. गारपीट झाली की तलाठी पंचनामा करतो, अपघात झाला की पोलीस करतात. इकडे उत्तरेत जप्तीच्या अशाच कागदाला 'फर्द' म्हणतात, आपण ज्याला मुद्देमाल म्हणतो तो इथे 'मालखान्यात' जातो आणि स्टेशन डायरीला 'रोजनामचा' म्हणतात. वर्गात पंजाबी, हरियाणवी, मराठी अशी सगळी मुलं असल्यामुळे फळ्यावर दोन्हीकडचे शब्द लिहितो. नाव काहीही असो, काम एकच: त्या जागी, त्या वेळी जे होतं ते दोन माणसांच्या समक्ष कागदावर उतरवणं. झडती घेताना त्या भागातले दोन किंवा अधिक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी हजर असावेत, असं कायदा सांगतो. गावाकडे अशा वेळी पोलीस पाटलाचा मोठा आधार असतो. ते पद आजही महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ प्रमाणे चालतं. आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रणही आवश्यक केलं आहे. त्यावर एका मुलाने विचारलं, "मग लिहायचं कशाला?" कॅमेरा खोलीभर फिरतो, पण खिडकीपासून कपाट किती फुटांवर आहे, कुलूप तुटलंय की नुसतंच उघडं आहे, आत कसला वास येतोय, हे माणसालाच लिहावं लागतं.

यंदाचा सराव ग्रंथालयात ठेवला. वाचनाच्या टेबलावरची एक लहान ढाल 'चोरीला' गेली, असं ठरवलं. मी आधी जाऊन खिडकीचं एक दार उघडलं, चौकटीवर थोडी माती टाकली, एक खुर्ची आडवी केली, शाईचं पेन जमिनीवर ठेवलं. चार गट केले. प्रत्येक गटात एक तपासी अंमलदार, एक लेखनिक, दोन पंच आणि मोजमाप घेणारे दोघे. वेळ चाळीस मिनिटं. नियम तीनच: कशालाही हात लावायचा नाही, पेन्सिल वापरायची नाही, चुकलं तर शाईने झाकायचं नाही. एकच आडवी रेघ मारायची आणि शेजारी सही करायची, म्हणजे आधी काय लिहिलं होतं ते कुणालाही वाचता येतं.

पहिल्या गटाने लिहिलं, "चोर खिडकीतून आत आला." मी विचारलं, "चोर पाहिलास?" "नाही सर, माती आहे ना." "मग माती लिही." त्यावर दहा मिनिटं वाद झाला. माती कुठे, चौकटीच्या आत की बाहेर, किती लांबीत, ओली की कोरडी, तिच्यावर ठसा आहे का, हे सगळं लिहून झालं तेव्हा मुलांच्याच लक्षात आलं की खिडकीखालच्या फरशीवर मातीचा कणही नाही. खिडकीतून कुणी उतरलं असतं तर पाय कुठे टेकला असता? हे त्यांना कळलं ते माती नीट लिहिली म्हणून. "चोर खिडकीतून आला" एवढ्यावर थांबले असते तर फरशीकडे कुणी पाहिलंच नसतं.

तिसऱ्या गटाचा कागद हातात घेतला आणि मी थबकलो. दाराजवळ पुसण्याची बादली होती. ती मी ठेवलेली नव्हती, रोजच्या कामातली होती. लेखनिकाने बादलीची नोंद केली होती, ते योग्यच. पण पुढे सफाई करणाऱ्या भैयांचं नाव लिहून 'संशयित' असं लिहिलं होतं. ते भैया ग्रंथालय बंद करण्यासाठी तेव्हा दारातच उभे होते. मी काही बोललो नाही. लेखनिकाला त्याचा कागद मोठ्याने वाचायला सांगितला. तो त्या ओळीपर्यंत आला, समोर पाहिलं आणि गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "सर, खोडतो." त्याने नियमाप्रमाणे एक आडवी रेघ मारली, सही केली. नाव वाचता येतच होतं. त्याने मला विचारलं, "नवीन कागद घेऊ का?" मी म्हटलं, "खऱ्या पंचनाम्यात नवा कागद मिळत नाही."

तास संपल्यावर तो मुलगा भैयांशी काही बोलला. काय बोलला ते मी विचारलं नाही.

पालकांना हे वाचून वाटेल, खेळातली गोष्ट, एवढं काय. पण वर्गातलं पेन हरवलं की पहिलं नाव कुणाचं घेतलं जातं, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. बहुतेक वेळा ते सगळ्यात गरीब माणसाचं असतं, नाहीतर नव्याने आलेल्या मुलाचं. बदलीच्या नोकरीमुळे आपल्यापैकी प्रत्येकाचं मूल कधी ना कधी ते 'नवं मूल' असतं.

पुढच्या तासाला एकीने विचारलं, "सर, पोलिसांनी सरळ कबूलच करून घेतलं तर एवढी मापं कशाला?" प्रश्न फार चांगला होता. पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. इंग्रजांच्या काळापासून आपल्या पुरावा कायद्यात हे कलम आहे आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते राहिलं आहे. मार देऊन काढलेली कबुली खोटी असू शकते, हे त्यामागचं साधं कारण. आमच्या लष्करी कायद्यातही अशीच एक गोष्ट आहे. सेना अधिनियम, १९५० च्या कलम १०७ प्रमाणे प्रोव्होस्ट मार्शल गुन्हा करणाऱ्या, या कायद्याखाली येणाऱ्या व्यक्तीला अटक करू शकतो, पण स्वतःच्या अधिकारात शिक्षा देऊ शकत नाही. प्रीफेक्ट आणि हाऊस कॅप्टन मंडळींना हे कलम मी दोनदा वाचायला लावतो. एखाद्याने काही केलं असं वाटलं तर हाऊस मास्टरांना सांगा. मैदानाला फेऱ्या मारायला लावणं तुमच्या अखत्यारीत नाही.

बोटांच्या ठशांचा तास मुलांना सगळ्यात आवडतो. जगात कुठे काय झालं हे त्यांना पाठ असतं, पण १८९७ मध्ये कोलकात्यात ठशांचा विभाग सुरू झाला आणि ठशांच्या वर्गीकरणाचं काम अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांनी केलं, हे ऐकून ती चकित होतात. पद्धतीला नाव मात्र त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचं मिळालं. पेन्सिलीची पूड, मऊ ब्रश आणि चिकटपट्टी एवढ्यावर काचेच्या पेल्यावरचा ठसा उचलता येतो. लिफाफ्यांचं कामही इथेच येतं. ओलसर कापड प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केलं तर दमटपणाने त्याला बुरशी धरते आणि पुरावा वाया जातो, म्हणून ते सुकवून कागदात ठेवायचं. प्रत्येक लिफाफ्यावर काय, कुठून, किती वाजता, कुणी घेतलं हे लिहायचं आणि तो कुणाच्या हातून कुणाकडे गेला याची नोंद ठेवायची. मधे एक जरी हात नोंदीशिवाय गेला की वकील तेवढंच धरून बसतो. आपल्या शेजारी सेक्टर ३६ मध्ये केंद्रीय न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहे. तिथे जाणारी प्रत्येक वस्तू अशाच कुठल्यातरी लिफाफ्यातून जाते.

काय करायचं नाही, तेही स्पष्ट सांगतो. चोराच्या मागे धावायचं नाही. समोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर सामान्य नागरिकालाही गुन्हेगाराला पकडता येतं आणि सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावं लागतं, हे खरं. पण चौदा वर्षांच्या मुलामुलींचं काम ते नव्हे. गाडीचा नंबर, रंग, गेलेली दिशा आणि घड्याळातली वेळ तळहातावर लिहा आणि ११२ ला फोन करा. फोनवरून किंवा ऑनलाइन पैशांची फसवणूक झाली तर १९३०, लहान मूल संकटात दिसलं तर १०९८. घरात आजी-आजोबा असतील तर १९३० मोठ्या आकड्यांत लिहून फोनजवळ चिकटवा.

मुलींकडून आता आणखी एक चौकशी होते. ८ मे २०२१ रोजी बंगळुरूच्या केंद्रातून मिलिटरी पोलिसांच्या महिला सैनिकांची पहिली तुकडी बाहेर पडली, ८३ जणींची. यंदा वर्गातल्या तिघींनी भरतीची माहिती विचारली. त्यातली एक मोजपट्टी धरण्यात सगळ्यात पक्की आहे.

मराठी पानाच्या वाचकांसाठी घरचा अभ्यास असा. रविवारी जेवणं झाल्यावर स्वयंपाकघराच्या ओट्याचा पंचनामा लिहा. तारीख, वेळ, दिशा, भांडी किती, कुठे, गॅसच्या शेगडीपासून किती अंतरावर. 'आईने भाजी केली' असं लिहू नका, ती करताना तुम्ही पाहिलेली नाही. 'कढईत भाजी, अंदाजे दोन वाट्या, कोमट' असं लिहा. पंच दोन हवेत. आजी चालेल, धाकटा भाऊ चालणार नाही, त्याला सही येत नसेल तर. कागद शनिवारी माझ्याकडे द्या.