पानझडी जंगलात अळंबी शोधताना

मृगाचे चांगले पाऊस झाले की साग, ऐन, बांबूच्या पानझडी जंगलात अळंबी उगवू लागते. दिसते ती छत्री म्हणजे तिचे फळ. खरा देह जमिनीत किंवा कुजक्या लाकडात तंतूंच्या जाळ्यात पसरलेला असतो.

काय करावे

• पावसाने उघडीप दिल्यावर सकाळी लवकर निघा. नाजूक छत्र्या दुपारच्या उन्हात माना टाकतात.

• ओंडके, बांबूची बेटे, शेण, वारुळे नीट पाहा. वारुळावरची अळंबी वाळवीनेच आत जोपासलेल्या बुरशीची असते.

• छत्रीचा खालचा भाग टिपाच. तिथे पडदे आहेत की बारीक छिद्रे, यावरून ओळखीची निम्मी वाट सरते. छत्री न हलवता हातआरसा खाली धरला की काम होते. मग देठ, त्यावरची कडी आणि बुंधा.

• कॅमेरा जमिनीलगत ठेवा, ट्रायपॉड नसेल तर पिशवीवर टेकवा. दोन सेकंदांचा टायमर लावा. अंधाऱ्या बाजूला पांढऱ्या कागदाने उजेड परतवा.

• झाडाचे नाव, तारीख, वास वहीत लिहा. फोटोत वास येत नाही.

• भीमाशंकरला पावसाळी रात्री चमकणाऱ्या बुरशीमुळे कुजक्या फांद्या हिरवट उजळतात. वनखात्याची परवानगी आणि गावातला वाटाड्या घेऊन जा, सगळ्या विजेऱ्या विझवा, ट्रायपॉडवर ३० सेकंदांपासून सुरुवात करा.

काय टाळावे

• उपटू नका. अभयारण्यात परवानगीशिवाय काहीही काढून नेणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे.

• चौकट स्वच्छ दिसावी म्हणून शेवाळ खरवडू नका. आड येणारे पान बाजूला करा, नंतर जागेवर ठेवा.

• न बघता पाचोळ्यात हात घालू नका. फुरसे तिथेच असते.

• समोरून फ्लॅश मारू नका. ओली छत्री पांढरी फटक येते.

• फोटो पाहून कधीही खाऊ नका. विषारी अळंबीने चांदीचा चमचा काळा पडतो, किडे लागलेली अळंबी निर्धोक असते, या समजुती खोट्या आहेत. काही जीवघेण्या जातींची लक्षणे ६ ते १२ तासांनी दिसतात. तोवर विष यकृतापर्यंत पोचलेले असते. चुकून कुणी खाल्लीच तर उरलेला तुकडा घेऊन लगेच रुग्णालय गाठा.

• खाण्याच्या अळंबीची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. तालुक्याचे नाव पुरे.